व्हर्च्युअल मशीन शेड्युलर : कोअर आणि हार्डवेअर थ्रेड यांची वाटणी

एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक व्हर्च्युअल मशीनपैकी (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) कोणाला, कोणत्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागावर), किती वेळ बसू द्यायचे हे ठरवणारा हायपरव्हायजरचा, म्हणजे या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, भाग. व्हीएमला दिलेले प्रोसेसर, म्हणजे व्हीसीपीयू, हे कागदावरचे असतात. त्यांची बेरीज खऱ्या कोअरपेक्षा जास्त असू शकते, आणि बहुतेक ठिकाणी असतेच. शेड्युलर त्यांना मिलिसेकंदांच्या पाळ्यांनी कोअरवर चढवतो आणि उतरवतो.

‘थ्रेड’ या शब्दाने सोलापुरात थोडा घोटाळा होतो. इथे धागा म्हणजे चादरीचे आणि टॉवेलचे सूत. पण हार्डवेअर थ्रेड, म्हणजे एका कोअरवर एकदम चालणाऱ्या कामांच्या रांगा, समजून घ्यायला यंत्रमागाचा कारखानाच सोयीचा. एक विणकर दोन माग सांभाळतो. एक माग सुरळीत चालला असेल तेव्हा तो दुसऱ्याकडे वळतो. दोन्हीकडे एकदम सूत तुटले, तर एक माग उभा राहतो. कोअरचेही तसेच आहे. दोन्ही थ्रेडना स्वतःची रजिस्टरे (हातातले आकडे ठेवायच्या जागा) असतात, पण गणित करणारे भाग आणि जवळची एल1 कॅश, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, सामाईक असते. एक थ्रेड मेमरीची वाट पाहत असताना दुसऱ्याचे काम पुढे सरकते. इंटेलने 2002 मध्ये एका कोअरवर दोन थ्रेड चालवणारे हायपर-थ्रेडिंग आणले तेव्हा कंपनीने स्वतःच सांगितलेला फायदा जास्तीत जास्त 30 टक्क्यांच्या आसपास होता, दुप्पट नव्हे. आयबीएमच्या पॉवर8 या प्रोसेसरमध्ये एका कोअरवर 8 थ्रेड चालतात. हात मात्र एकाच विणकराचे.

म्हणून चांगला शेड्युलर आधी रिकामे कोअर भरतो आणि मगच जोडीच्या थ्रेडवर काम टाकतो. जोडीचा थ्रेड व्यस्त असताना व्हीएम कोअरवर असेल, तर तो वेळ व्हीएमवेअर या कंपनीच्या हायपरव्हायजरचा शेड्युलर तिच्या खात्यावर पूर्ण मांडत नाही. हिशेब रास्तच आहे, कारण तिला पूर्ण कोअर मिळालेलाच नसतो.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने 8 कोअर, 16 थ्रेडचा सर्व्हर घेतला. त्यावर हिशेबाची, साठ्याची आणि हजेरीची अशा तीन व्हीएम आहेत. महिनाअखेरीस हिशेब रेंगाळतो म्हणून कोणीतरी त्या व्हीएमला 4 ऐवजी 12 व्हीसीपीयू देतो. स्क्रीनवर 16 दिसतात, त्यांतले 12 दिले, बिघडले कुठे? पण कोअर 8 च आहेत, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर बहुधा एकदोन व्हीसीपीयूच राबवते. उरलेल्यांचा भार शेड्युलरवर पडतो.

व्हीएमवेअरच्या जुन्या ईएसएक्स या हायपरव्हायजरमध्ये हा भार फार जाचक होता. एका व्हीएमचे सगळे व्हीसीपीयू एकदमच चालवायचे, असा तिथला कडक नियम होता. चार जागा एकाच वेळी मोकळ्या होईपर्यंत चार व्हीसीपीयूची व्हीएम ताटकळायची, आणि दोन-तीन कोअर रिकामे राहायचे. ईएसएक्स 3 पासून नियम सैल झाला : एखादा व्हीसीपीयू फार पुढे गेला तरच त्याला थांबवायचे. नियमामागे कारण होते. सामाईक माहिती एका वेळी एकानेच वापरावी म्हणून तिला कुलूप असते; ते कुलूप हातात असलेला व्हीसीपीयू मध्येच उतरवला गेला, तर त्याचे भाऊबंद ते कुलूप उघडण्याची वाट पाहत कोअर जाळत बसतात. हे फुकट फिरणे ओळखून हायपरव्हायजरला खबर देण्याची सोय पुढे प्रोसेसरमध्येच आली.

झेन या दुसऱ्या हायपरव्हायजरच्या क्रेडिट शेड्युलरमध्ये प्रत्येक व्हीएमला वजन असते, न सांगितल्यास 256, आणि पाळी 30 मिलिसेकंदांची. वजनाने टंचाईतला वाटा ठरतो. ‘कॅप’ हे वेगळे प्रकरण : कोअर रिकामा असला तरी कॅपच्या वर काही मिळत नाही. या दोहोंची गल्लत नेहमी होते. 2019 च्या झेन 4.12 पासून, वेगळे न सांगितल्यास, क्रेडिट2 हा शेड्युलर चालतो. केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरव्हायजरने वेगळा शेड्युलर लिहिलाच नाही. तिथे व्हीसीपीयू म्हणजे लिनक्सचा एक साधा, सॉफ्टवेअरमधला थ्रेड, आणि वाटणी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलच करतो.

अडचण नेमकी कुठे आहे हे पाहायला व्हीएमच्या आतला वापराचा आलेख पुरत नाही. झेन किंवा केव्हीएमवरच्या लिनक्स व्हीएममध्ये ‘टॉप’ ही आज्ञा चालवून ‘एसटी’ हा आकडा पाहावा; काम तयार होते पण कोअर मिळाला नाही, असा तो वेळ. व्हीएमवेअरमध्ये हेच ‘रेडी’ या नावाने मोजतात.

ऑगस्ट 2018 मध्ये एल1टीएफ ही इंटेलच्या प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली आणि वाटणीचा प्रश्न सुरक्षेचाही झाला. एल1 कॅश सामाईक असल्याने जोडीच्या थ्रेडवरून दुसऱ्या व्हीएमची माहिती वाचता येण्याचा धोका होता. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरने विंडोज सर्व्हर 2019 मध्ये वेगळे न सांगितल्यास ‘कोअर शेड्युलर’च चालेल असे केले, तर लिनक्समध्ये 5.14 आवृत्तीत, 2021 साली, तशी सोय आली. या पद्धतीत एका कोअरच्या दोन थ्रेडवर दोन वेगळ्या व्हीएम कधीच एकत्र बसत नाहीत. त्यामुळे हायपर-व्हीवर कारखान्याची ती हजेरीची व्हीएम एकाच व्हीसीपीयूची असली, तरी तिच्या पाळीत अख्खा कोअर अडतो आणि जोडीचा थ्रेड रिकामा राहतो.