गोलांमुळे लक्षात राहिलेला बचावपटू : जर्नेल सिंग

४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्तात झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील फुटबॉलच्या अंतिम सामन्याची नोंद पाहिली, तर भारताकडून गोल करणाऱ्यांची दोन नावे सापडतात. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग. पहिले नाव तिथे असणे स्वाभाविकच आहे, कारण गोल करणे हे बॅनर्जींचे कामच होते. दुसरे नाव मात्र अशा खेळाडूचे आहे, ज्याची कारकीर्द आपल्या गोलरक्षकासमोर उभे राहून समोरच्या संघाला गोल करू न देण्यात गेली. अडवलेल्या चेंडूंसाठी नोंदवहीत रकाना नसतो. त्यामुळे भारताच्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये गणला जाणारा हा माणूस आज लोकांच्या लक्षात आहे तो मुख्यतः त्या दोन दिवसांमुळे, ज्या दिवशी त्याला बचावात ठेवले नव्हते. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात पंजाबातून न करता हैदराबादेतून करावी लागते, आणि ती वाट मराठवाड्याला परकी नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि मुक्तिसंग्रामानंतरही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते हैदराबाद राज्यातच राहिले. शाळा, कचेरी, दवाखाना, न्यायालय यांपैकी कशाचेही मोठे काम निघाले की माणूस मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या छोट्या रुळांच्या गाडीत बसून हैदराबाद गाठत असे. त्या राजधानीच्या शहरात याच काळात भारतीय फुटबॉलची एक मोठी शाळा उभी राहत होती. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिस संघाने जिंकला, आणि नकाशाच्या हिशेबाने तो तेव्हा आपल्याच राज्याच्या राजधानीचा संघ होता. मराठवाड्याच्या क्रीडा-इतिहासात कुस्ती आणि कबड्डीला जेवढी जागा मिळते, तेवढी या गोष्टीला मिळत नाही. १९५६ मध्ये राज्याची सीमा सरकली तशी ती आठवणही पलीकडे राहिली असावी.

या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शिक्षक, आणि मैदानावरही त्यांची रीत शिक्षकाचीच होती. मुलांनी दोन्ही पायांनी खेळावे म्हणून ते कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. चेंडू एकट्याने न रेटता पुढे द्यावा म्हणून ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेत. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आले आणि १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण पराभवाचे दुसरे कारण बचावाच्या मांडणीत होते आणि रहीम यांनी पुढची दहा वर्षे त्याच कोड्यावर काम केले.

तो काळ पाच आघाडीपटूंचा होता. मागे तिघे उभे राहत आणि त्यांतल्या मधल्याला ‘स्टॉपर’ म्हणत. हा एकटा माणूस समोरच्या संघाच्या मुख्य आघाडीपटूला धरून ठेवी आणि तो निसटला, की पुढे फक्त गोलरक्षक उरे. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जगभर गाजलेल्या ४-२-४ रचनेत मागे चौघे आले आणि मध्ये एकाऐवजी दोन स्टॉपर झाले. एकाने चेंडूवर झडप घालायची आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीमागची मोकळी जागा राखायची. रहीम यांनी भारतीय संघाला याच रचनेत बसवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला होता. ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना नेव्हिल डिसुझा यांनी तीन गोल केले होते, पण उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाने ४-१ आणि पदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात दिली. गोल करणारे होते. मागची फळी आणखी भक्कम हवी होती. तिथे जर्नेल सिंग आले.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १९३६ चा, लायलपूर भागातला. हे शहर आज फैसलाबाद या नावाने पाकिस्तानात आहे. फाळणी झाली तेव्हा जर्नेल अकरा वर्षांचे होते आणि त्यांचे धिल्लाँ कुटुंब सर्वस्व मागे टाकून होशियारपूर जिल्ह्यात आले. याच जिल्ह्यातील माहिलपूर हे गाव फुटबॉलसाठी नावाजलेले आहे. तिथल्या खालसा महाविद्यालयात त्यांचा खेळ घडला. पंजाबचा धिप्पाड, अंगावर येणारा खेळ आणि हैदराबादचा नेमका, आखीव खेळ हे दोन वेगळे स्वभाव होते, आणि त्यांची गाठ राष्ट्रीय संघात पडायची होती. त्याआधी मध्ये कोलकाता आले, जिथे त्या काळी फुटबॉलवर नाव काढू पाहणाऱ्या प्रत्येकालाच जावे लागे. १९५८ च्या सुमारास ते राजस्थान क्लबकडून तिथे खेळले आणि १९५९ मध्ये मोहन बागानने त्यांना घेतले. पुढची जवळपास दहा वर्षे ते त्या संघाच्या बचावाचा कणा होते. १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे कोलकाता लीग आणि १९६३ ते १९६५ अशी सलग तीन वर्षे ड्युरँड चषक मोहन बागानकडे राहिला, यात आघाडीच्या चुनी गोस्वामींइतकाच वाटा मागे उभ्या असलेल्या या पंजाबी स्टॉपरचा धरावा लागेल.

जर्नेल सिंग यांचे नाव घेतले की त्यांच्या टॅकलचा उल्लेख होतोच. घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला चेंडू काढणे वाचायला सोपे वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर सकाळी खेळणारी पोरे पाहिली, की त्यातले अवघडपण दिसते. कडक जमिनीवर जो मुलगा घसरतो, त्याच्या मांडीची साल निघते, खडा गुडघ्यात रुततो आणि वेळ अर्ध्या क्षणाने चुकली, तर चेंडूऐवजी समोरच्याची नडगी लागते. म्हणून बहुतेक जण घसरायचे टाळून नुसते सोबत पळत राहतात. शिवाय आपल्याकडे संघ पाडताना ज्याला पळता येत नाही, त्याला ‘तू मागे थांब’ म्हणून बॅकला ठेवण्याची जुनी सवय आहे. स्टॉपर ही उरलेल्याची जागा, असाच समज त्यातून रुजतो. जर्नेल सिंग यांनी ती जागा कमावलेल्याची करून दाखवली. ते दांडगे खेळत, याबद्दल प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारीही असत, आणि त्या सगळ्याच खोट्या नसाव्यात.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीविरुद्ध १-२ असा पराभव, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि पेरूविरुद्ध १-३ असा पराभव, अशी कामगिरी झाली. गट पार झाला नाही. तरीही आठ वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला देश आता हंगेरीशी एका गोलाच्या फरकाने लढत होता, आणि हा फरक बचावाच्या फळीत पडला होता.

जाकार्ताची गोष्ट याच्या पुढची. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्याच सामन्यात जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू उतरवण्याची आजच्यासारखी मुभा तेव्हा नव्हती, त्यामुळे अधू खेळाडूला उतरवणे हा संपूर्ण संघाने पत्करलेला धोका असे. जपानला भारताने २-० ने हरवले आणि उपांत्य सामना समोर आला. आता रहीम यांच्यापुढे पेच होता. स्टॉपरच्या जागेवर उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावा लागतो, आणि तिथे टाके असलेला माणूस उभा करणे म्हणजे आपल्याच गोलसमोर कच्चा दुवा ठेवणे. याउलट आघाडीला तोच माणूस चुकला, तर फार तर एक हल्ला वाया जातो. रहीम यांनी जर्नेल सिंग यांना मध्य आघाडीवर उतरवले आणि मागची जबाबदारी अरुण घोष यांच्यावर सोपवली. कॉलेजच्या दिवसांत पुढे खेळलेला हा माणूस आपल्या अंगाच्या रेट्याने समोरचा बचाव विस्कळीत करील, हाही हिशेब त्यात असणार. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा सामना भारताने ३-२ ने जिंकला. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामींचे आणि एक जर्नेल सिंग यांचा होता.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता, पण त्याचे वातावरण खेळापुरते राहिले नव्हते. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्यावर भारताचे क्रीडा-प्रशासक गुरू दत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यावरून जाकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला, भारतीय दूतावासावर मोर्चा गेला आणि सेनायान स्टेडियममधील सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गर्दीत भारताला प्रोत्साहन देणारा एक गट पाकिस्तानच्या हॉकी संघाचा होता, अशी आठवण भारतीय खेळाडूंनी पुढे सांगितली आहे. लायलपूर सोडून आलेल्या मुलाच्या डोक्याला पट्टी आहे आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारे लोक सीमेपलीकडचे आहेत, असा हा योग. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठून अंतिम सामन्याला उभे राहिले, त्रिलोक सिंग दुखऱ्या पायाने खेळले, आणि पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल झाल्यावर शेवटच्या टप्प्यात कोरियाने एक फेडला, तरी सामना २-१ असा भारताचाच राहिला.

स्वतः रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. जाकार्ताचे सुवर्ण ही त्यांची अखेरची मोठी कामगिरी ठरली.

जर्नेल सिंग परत आपल्या जागेवर, बचावात गेले. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९६५ ते १९६७ या काळात राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. आशियातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्वही त्यांना मिळाले. खेळ थांबवल्यावर ते पंजाबात परतले, तिथल्या संघाला शिकवले आणि राज्याच्या क्रीडा खात्यात काम केले. या टप्प्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. बचावपटूच्या उत्तरायुष्याकडे वळून पाहण्याची सवय आपल्याकडे नाही. १३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काही वर्षांत भारताच्या बचावाची सूत्रे पुन्हा हैदराबादकडे आली. रहीम यांच्याच शहरातले सय्यद नईमुद्दीन १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार होते, आणि जपानला १-० ने हरवून भारताने कांस्यपदक मिळवले. आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला मिळालेले ते शेवटचे पदक आहे.