एका पावसात भिजणारे शेअर

श्रीवर्धनला काकांच्या वाडीत नारळ, सुपारी आणि थोडी हापूसची कलमं. कुणी सुचवलं, जोडीला काजू लावा, तर काका मान हलवत. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की आंबा आणि काजू दोन्ही एकदमच जातात. नारळ मात्र वर्षभर पाडता येतो. काका बोटांवर मोजत ते शेअर बाजारात एका आकड्याने मोजतात. त्याला सहसंबंध गुणांक म्हणतात.

हा गुणांक −1 ते +1 यांच्यामध्ये असतो. दोन शेअर नेहमी एकाच प्रमाणात एकाच दिशेने हलले तर +1, एकमेकांशी काही मेळच नसेल तर शून्याजवळ. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली या आकड्याला गुंतवणुकीच्या जोखमीच्या गणितात मध्यवर्ती जागा दिली, आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं गणित करून बघण्यासारखं आहे. दोन शेअर घ्या, प्रत्येकाचा वार्षिक चढउतार 30 टक्के, पैसे निम्मे-निम्मे. गुणांक 1 असेल तर एकूण चढउतार 30 टक्केच राहतो. 0.5 असेल तर 26, आणि शून्य असेल तर 21. अपेक्षित परतावा मात्र दोघांच्या सरासरीइतकाच राहतो, तो घटत नाही. चार बँकांचे शेअर घेऊन 'मी पैसे विभागलेत' म्हणणाऱ्याने म्हणजे आंब्याशेजारी काजूच लावलेला असतो.

गुणांक काढताना भावांची तुलना करू नये, रोजच्या किंवा आठवड्याच्या टक्केवारीतल्या बदलांची करावी. वीस वर्षांत आंब्याची पेटीही महागली आणि एसटीचं तिकीटही, पण तेवढ्यावरून त्यांचं नातं जुळत नाही.

आणि हा आकडा कायमचा नसतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा नारळ, सुपारी, आंबा, घरावरची कौलं, सगळं एकाच दुपारी आडवं झालं. त्याच वर्षी 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला, आणि एरवी वेगवेगळ्या वाटेने चालणारे शेअर एकत्र पडले. मुदत ठेव त्या दिवशी जागची हलली नाही. वादळासाठीची सोय वाडीच्या बाहेर लागते.

आता हाच आकडा उलट्या बाजूने कामाला येतो. एक वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे. त्यानंतर विकल्यास 12.5 टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. समजा यंदा एक लाखाचा अल्पकालीन नफा झाला, आणि वर्षाच्या आत घेतलेला दुसरा एक शेअर साठ हजारांनी खाली आहे. तो विकला तर कर चाळीस हजारांवरच लागेल, म्हणजे उपकर सोडून बारा हजार वाचले. टॅक्स-लॉस हार्वेस्टिंग म्हणतात ते हेच.

पण त्या क्षेत्रातून बाहेर पडायचं नसेल तर विकलेल्याच्या जागी असा शेअर हवा, जो त्याच पावसात भिजतो. इथे सहसंबंध जास्त हवा. अमेरिकेत विक्रीच्या आधी वा नंतर 30 दिवसांत तोच शेअर घेतला तर तोटा धरत नाहीत. आपल्याकडे असा 30 दिवसांचा नियम नाही. मात्र त्याच दिवशी परत घेतला तर व्यवहार इंट्राडे ठरतो आणि हा तोटा हाती लागत नाही. तरी ज्या कंपनीवरचा भरवसा उडाला तिच्याकडेच परत कशाला जायचं? बदली शेअर बघावा.

मात्र 0.8 गुणांक ऐकून निर्धास्त होऊ नका. 0.8 चा वर्ग 0.64, म्हणजे बदली शेअरचं 36 टक्के विचरण (चढउताराचा वर्ग) स्वतःचंच. 0.36 चं वर्गमूळ 0.6, म्हणून वर्षाला 30 टक्के हलणाऱ्या शेअरमध्ये त्याचा अर्थ 18 टक्क्यांचा वेगळा चढउतार. गुणांक 0.95 असला तरी नऊ टक्के उरतोच. बारा हजारांसाठी एवढं पत्करायचं का, हे आधी ठरवावं.

शिवाय हा कर माफ होत नाही. नवी खरेदी खालच्या भावाची, त्यामुळे पुढचा नफा तेवढा मोठा दिसतो आणि त्यावर पुढे कर लागतोच. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, अल्पकालीन तोटा दोन्हींतून. दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आतच असेल तर त्याच्यासमोर तोटा खर्च करणं वाया जातं. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. विक्रीची अखेर 31 मार्च. त्या दिवसांत काका आंब्याच्या पेट्या भरण्यात गुंतलेले असतात, म्हणून आम्ही त्यांचा हिशोब फेब्रुवारीतच मांडतो.