कुणाचा होकार धरायचा?

नेदरलँड्समध्ये २०१६ साली अल्झायमर झालेल्या ७४ वर्षांच्या एका बाईंना इच्छामरण दिलं गेलं. नर्सिंग होममध्ये राहायची वेळ आली तर मरण द्या, असं त्यांनी भान शाबूत असताना लिहून ठेवलं होतं. पण ती वेळ आपण ठरवू, असंही त्याच कागदात होतं. दाखल झाल्यावर त्या कधी मरायचंय म्हणत, कधी इतक्यात नको. डॉक्टरांनी न सांगता त्यांच्या कॉफीत गुंगीचं औषध घातलं. इंजेक्शन देताना बाई उठू लागल्या, तेव्हा घरच्यांनी त्यांना धरून ठेवलं.

इच्छामरणाच्या प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने डॉक्टरांवर ठपका ठेवला, खटला चालला, २०१९ मध्ये डॉक्टर निर्दोष सुटल्या. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) फार वाढला असेल तर पूर्वीची लेखी विनंती चालते. असह्य यातना, सुधारण्याची आशा नसणं, स्वतंत्र डॉक्टरचं मत या २००२ च्या कायद्यातल्या अटी मात्र पाळायलाच हव्यात. (आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मान्य झालेलं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे ‘लिव्हिंग विल’, फक्त उपचार थांबवण्यापुरतं आहे.)

सगळा वाद निर्णयक्षमतेपाशी येऊन थांबतो. ती तपासताना चार गोष्टी पाहतात: सांगितलेलं समजतं का, ते आपल्यालाच लागू आहे हे पटतं का, पर्याय तोलता येतात का, आणि निवड सांगता येते का. स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण म्हणजे ही क्षमता नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, झोपेच्या गोळ्या यांनीही वृद्ध माणूस भ्रमात जातो आणि उपचारांनी पुष्कळदा ताळ्यावर येतो. म्हणून आधी ही कारणं शोधायची, कानाचं यंत्र लावायचं, नातेवाइकांना बाहेर बसवून बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा विचारायचं. नैराश्यात या चारांतली दुसरी गोष्ट निसटते: रुग्ण उपचारांची माहिती घडाघडा सांगतो, पण आपल्याला बरं वाटेल हे त्याला पटूच शकत नाही. ती निराशा आजाराची की विचाराअंती आलेली, हे एका भेटीत कळत नाही.

आज तोंडाने आलेलं ‘इतक्यात नको’ जुन्या कागदापुढे हलकं धरू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. लिहिणारी व्यक्ती पुढच्या आयुष्याची कल्पना करत होती. बोलणारी ते जगते आहे.

कॅनडाने २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्या, पण गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्यांनाही इच्छामरणाची मुभा दिली. केवळ मानसिक आजार असलेल्यांना १७ मार्च २०२७ पर्यंत वगळलं आहे. मृत्यू जवळ नसेल तर तपासणीला किमान ९० दिवस द्यावे लागतात. वेदनाशमन, समुपदेशन, अपंगांसाठीच्या सेवा यांची माहिती द्यावी लागते आणि रुग्णाने त्यांचा गांभीर्याने विचार करावा लागतो. पण त्या सेवा त्याच्या हाती प्रत्यक्ष पडल्याच पाहिजेत, अशी अट कायद्यात नाही.