आधी टीआयडब्ल्यू, मग ग्रे: रिग फ्लोअरवरच्या दोन सेफ्टी व्हॉल्व्हचा घोळ

तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर ड्रिलरच्या केबिनबाहेर दोन जाडजूड नळकांडी उभी करून ठेवलेली असतात, एक टीआयडब्ल्यू, एक ग्रे. दोन्हींना खाली पिन (बाहेरून थ्रेड), वर बॉक्स (आतून थ्रेड), दोन्हींना सगळे सरसकट सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात, आणि ट्रिप (विहिरीतून पाईप काढणं-उतरवणं) चालू असताना पाईपमधून मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल, उसळायला लागला की जो हाताशी येईल तो बसवायचा असा समज पोरांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. जुहूहून हेलिकॉप्टरने जाणारा नवा फ्लोअरमन घ्या नाहीतर आयडब्ल्यूसीएफच्या वेल कंट्रोल परीक्षेला बसलेला असिस्टंट ड्रिलर घ्या, विचारलं की उत्तर एकच, "दोन्ही बंदच करतात ना, काय फरक पडतो?" फरक पडतो. भरपूर पडतो.

टीआयडब्ल्यू तुम्हाला माहितीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. बॉल व्हॉल्व्ह, आत जवळजवळ पाईपच्या बोअरएवढं आरपार भोक, बाजूला षटकोनी खाच, पाना घालून पाव फेरा फिरवला की बंद, परत पाव फेरा की उघडा. बंद असला की खालून वर काही येत नाही आणि वरून पंपही करता येत नाही. झालं.

ग्रे व्हॉल्व्ह म्हणजे इनसाइड बीओपी (बीओपी म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर, हा पाईपच्या आतला). हा बॉल व्हॉल्व्ह नाही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. शेतातल्या विहिरीच्या मोटरला खाली फूट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, तसंच हे, फक्त इथे दिशा उलटी: वरून मड खाली पंप करता येतो, खालचं वर येत नाही. आत स्प्रिंगवर दाबलेला डार्ट (बुचासारखा तुकडा) आणि त्याची सीट. बसवताना तो उघडा राहावा म्हणून वरून एक रिलीज रॉड घालून डार्ट खाली दाबून ठेवलेला असतो आणि रॉड एका स्क्रूने लॉक केलेला असतो. बसवून झालं, स्क्रू सैल केला, रॉड सुटला, डार्ट वर येऊन बसला, व्हॉल्व्ह बंद. थ्रेड, वजन, उंची, मेक असले बाकीचे फरक कॅटलॉगमध्ये बघा, त्यानं कोणी अडत नाही.

लोक अडतात ते पहिला कुठला यावर. आणि माझं मत पक्कं आहे: पाईपमधून फ्लो येतोय तर पहिला टीआयडब्ल्यू, तोही उघडा. "उघडा का, बंदच करून बसवू की" असं म्हणणारे भेटतात. अरे, बंद व्हॉल्व्ह वाहत्या पाईपवर ठेवशील तर खालचं सगळं प्रेशर त्या बॉलवर आदळणार, चार जण लोंबकळलात तरी थ्रेड लागणार नाही. उघडा असला की मड सरळ आरपार निघून जातो, अंगावर पडतो, हरकत नाही, पण व्हॉल्व्ह खाली बसतो, थ्रेड लागतो आणि मग पाव फेऱ्यात विषय संपतो. ग्रेमध्ये रॉड लावून उघडा ठेवला तरी आत डार्ट, स्प्रिंग, रॉड अशी गर्दी आहे, वाट अरुंद, त्यामुळे जोराचा फ्लो त्याला वर ढकलतो. फ्लो मंद असेल तर बसेलही, पण तुम्ही ते आधी कसं ओळखणार?

आता समजा नशिबाने पहिलाच ग्रे बसला. विहीर बंद झाली, सगळे खूष. मग टूलपुशर (रिगवरचा साहेब) विचारतो, ड्रिल पाईपचं प्रेशर किती? इथे सगळे गप्प. कारण ग्रे खालचं प्रेशर वर येऊच देत नाही, गेजवर शून्य. आणि किल मडचं, म्हणजे विहीर दाबायला लागणाऱ्या जड मडचं, वजन काढायचं ते याच आकड्यावरून: पीएसआयमधलं प्रेशर भागिले ०.०५२ भागिले फुटातली उभी खोली, ते जुन्या मड वेटमध्ये मिळवायचं. आकडाच नाही तर काय मिळवणार? मग हळूहळू पंप करायचा, व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडतो ते गेजवर पकडायचं. जमतं, पण वेळ जातो आणि चुकायला जागा राहते. टीआयडब्ल्यू असता तर वर टॉप ड्राइव्ह (पाईप वरून फिरवणारं यंत्र) जोडून, वरून थोडं प्रेशर देऊन दोन्ही बाजू सारख्या करून व्हॉल्व्ह उघडला की गेज थेट बोलतो (स्ट्रिंगच्या, म्हणजे जोडलेल्या सगळ्या पाईपांच्या, तळाशी फ्लोट व्हॉल्व्ह, तोही नॉन-रिटर्नच, असेल तर तिथेही पंपच करावा लागतो, ती वेगळी गोष्ट). ड्रिल पाईपच्या गेजकडे दुर्लक्ष करणं किती महागात पडतं हे मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीवर दिसलं, २० एप्रिल २०१० ला निगेटिव्ह टेस्टमध्ये (वरचा दाब कमी करून विहीर गळते का ते बघतात) ड्रिल पाईपवर १,४०० पीएसआय उभं होतं, त्याच विहिरीला जोडलेली किल लाइन मात्र शांत होती, आणि त्या १,४०० ला काहीतरी स्पष्टीकरण देऊन टेस्ट पास धरली. त्या रात्री विहीर उसळून स्फोट झाला, ११ माणसं गेली. तिथे गेज सांगत होता तरी ऐकलं नाही, तुम्ही तर पहिला ग्रे लावून गेजचं तोंडच बंद करताय.

शिवाय पाईप अडकला, खाली पर्फोरेट करायचंय (पाईपला भोकं पाडायचीत), वायरलाइन म्हणजे तारेवरचं टूल उतरवायचं म्हटलं तर टीआयडब्ल्यूच्या भोकातून टूल जातं. ग्रेमधून जात नाही. संपला विषय.

मग ग्रे ठेवायचा कशाला? स्ट्रिपिंगसाठी, म्हणजे विहीर प्रेशरखाली असताना पाईप परत खाली न्यायचा असतो तेव्हा. टीआयडब्ल्यू बंद, त्याच्यावर ग्रे कसून लावायचा, रॉड काढून टाकायचा, आणि मग, हे पोरं हमखास विसरतात, टीआयडब्ल्यू उघडायचा. कारण बंद टीआयडब्ल्यू बीओपीखाली गेला की त्याच्या खाचेपर्यंत पाना पोचणार आहे का? नाही. मग स्ट्रिंगमधून पंप करणंच बंद. ग्रे असला की खालून येत नाही आणि वरून पंप करता येतं. आणखी एक बघून घ्या, टीआयडब्ल्यू खाली जाणार असेल तर तो एपीआय ७-१ या मानकाप्रमाणे क्लास २ चा पाहिजे, क्लास १ फक्त सरफेसवर वापरायचा. आणि बाहेरचा व्यास केसिंगमधून (विहिरीत बसवलेल्या लोखंडी नळीतून) जातो का तेही मोजा, ऐन वेळी नाही, आधी.

आता निगा. दोघांची एकसारखी नसते, तरी एकाच चेकलिस्टवर एकाच ओळीत "सेफ्टी व्हॉल्व्ह ओके" लिहिलेलं दिसतं आणि माझं डोकं फिरतं. टीआयडब्ल्यूचं दुखणं बॉल आणि सीटमध्ये असतं. मड आत सुकतो, सिमेंटच्या कामानंतर तर दगडच होतो, म्हणून वापरला की धुवायचा आणि रोज पाव फेरा फिरवून बघायचा. जड गेला की पान्याला पाईप घालून जोर लावणारे महाभाग आहेत, खाच गोल होते नाहीतर स्टेम तुटतो, मग तो व्हॉल्व्ह फक्त वजनाला. प्रेशर असताना जड जातोय तर वरून प्रेशर देऊन समान करा. सुकून जड झालाय तर शॉपला पाठवा, बॉल, दोन्ही सीट, स्टेमचे सील, स्प्रिंग, किट बदलून टेस्ट करून येईल. अर्धवट उघडा ठेवून तर कधीच चालवू नका, मडमधली वाळू तासाभरातही सीट कापू शकते. आणि उचलायला सोपं जावं म्हणून बॉडीवर कड्या वेल्ड करणाऱ्या वेल्डरला फ्लोअरवर येऊ देऊ नका, त्या हीट ट्रीटेड स्टीलवर वेल्डिंग म्हणजे तडा जायला आमंत्रण. त्याचं लिफ्टिंग क्लॅम्प मिळतं, ते मागवा.

पाना कुठे आहे? हा प्रश्न किक (खालचं तेल-वायू विहिरीत घुसणं) आल्यावर पडू नये. एका मेकचा पाना दुसऱ्याला बसेलच असं नाही. ड्रिल कॉलर (जाड, जड पाईप) किंवा केसिंग उतरवताना त्या थ्रेडचा क्रॉसओव्हर (दोन वेगळे थ्रेड जोडणारा तुकडा) आधीच लावून ठेवायचा, स्टोअरमध्ये आहे हे उत्तर चालत नाही.

ग्रेमध्ये बॉल नाही, तिथे डार्ट, सीट, रबर आणि स्प्रिंग बघायची. पण जास्त वेळा गोची होते ती रिलीज रॉडची. रॉड गंजून बसलेला, लॉक स्क्रू हलत नाही, किंवा रॉडच गायब आणि व्हॉल्व्ह बंद अवस्थेत शोभेला उभा. ग्रे कायम उघडा, रॉड लावून लॉक केलेला, स्क्रूला ग्रीस, असाच ठेवायचा.

टेस्ट दोघांचीही खालून, पिनच्या बाजूने, कारण विहिरीचं प्रेशर तिकडूनच येणार. आधी लो टेस्ट, २५० ते ३५० पीएसआय, मग हाय. थेट हाय करू नका, जास्त प्रेशरने सील दाबून बसतं आणि कमी प्रेशरला गळणारा व्हॉल्व्ह पास होऊन जातो.

जाता जाता टॉप ड्राइव्हचं. तिथे अप्पर आणि लोअर आयबीओपी (नावाने इनसाइड बीओपीच) म्हणतात ते दोन्ही बॉल व्हॉल्व्हच आहेत, ग्रेसारखे नाहीत, परीक्षेत यावर मार्क जातात. आणि दर कनेक्शनला (नवा पाईप जोडताना) मड गळू नये म्हणून अप्परवाला बंद करणारे ड्रिलर, तुमच्यामुळे त्याची सीट काही आठवड्यांत कामातून जाते, मग प्रेशर टेस्ट फेल, मग रात्री दोनला मेकॅनिकला उठवायचं. मड वाचवायचाय तर मड सेव्हर व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, तो बसवून घ्या.