शीड चढलं की टॉपिंग लिफ्ट ढिली हवी

आमच्या साताऱ्याच्या मित्रमंडळींत शिडाच्या बोटीबद्दल एक समज घट्ट बसलाय: 'बूम (शिडाच्या खालच्या कडेला धरणारा आडवा दांडा) टॉपिंग लिफ्टवरच टांगलेला असतो, म्हणून ती दोरी कायम ताठ ठेवायची.' हे साफ चूक आहे.

टॉपिंग लिफ्ट म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यावरून बूमच्या मागच्या टोकाला येणारी दोरी. शीड उतरलेलं असताना बूमचा भार ती पेलते. शीड चढलं की तोच भार शिडाची मागची कड उचलते. बैलगाडीच्या धुरेखालचा टेकू आठवा. बैल जुंपले की आपण तो काढतोच ना? दोरी ताठ राहिली तर मेनशीट (बूम आत-बाहेर करणारी दोरी) आणि व्हँग (बूमला खाली ओढून धरणारी दोरी) कितीही ओढा, बूम खाली येत नाही. मागची कड सैल पडते, शीड वरच्या बाजूला पिळवटून उघडतं आणि वारा तिथून निसटतो. मात्र दोरी अगदी लोंबती सोडली तर ती कडेवर घासून शिलाई उसवते. थोडीशी झोळ पडेल इतकीच सोडा.

खरी काळजी शीड उतरवताना घ्यायची. १० मीटरच्या बोटीवरही शिडासकट बूम सहज २५-३० किलो भरतो. हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) सोडण्याआधी टॉपिंग लिफ्ट ओढून बांधायचीच, नाहीतर तो थेट कॉकपिटमध्ये (बोट चालवणाऱ्यांच्या बसायच्या खोलगट जागेत) बसलेल्याच्या डोक्यावर येतो. रीफ घेताना, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करतानाही हाच क्रम.

काही बोटींवर दोरीऐवजी स्प्रिंगचा किंवा गॅसचा कडक दांड्यासारखा व्हँग बूमला खालून उचलून धरतो. तिथे ही दोरी नसली तरी भागतं.