जर्मनीची २०२३ ची बास्केटबॉल विश्वचषक मोहीम

फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशिया या तीन देशांत २५ ऑगस्ट ते १० सप्टेंबर २०२३ या काळात पुरुषांचा बास्केटबॉल विश्वचषक झाला. ३२ संघांच्या या स्पर्धेत जर्मनीने आठही सामने जिंकले आणि पहिल्यांदाच जगज्जेतेपद मिळवले. त्याआधी या स्पर्धेत जर्मनीच्या नावावर एकच पदक होते, २००२ च्या इंडियानापोलिस येथील स्पर्धेतले कांस्य.

मनिलाचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्यामुळे अंतिम सामना खानदेशात रविवारी संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला. पोळा चार दिवसांवर होता. पावसाळ्याच्या या उत्तरार्धात जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये शालेय स्पर्धांचाही हंगाम असतो. या नोंदीत निकाल आहेतच, पण इथल्या प्रशिक्षकाला त्यातून काय उचलता येईल, तेही जागोजागी सांगितले आहे.

बारा जण, तीन उन्हाळे

कॅनडात जन्मलेले गॉर्डन हर्बर्ट २०२१ मध्ये जर्मनीचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी खेळाडूंकडे एका स्पर्धेचा नव्हे, तीन वर्षांचा शब्द मागितला: २०२२ चे युरोबास्केट (युरोपातल्या देशांची स्पर्धा), २०२३ चा विश्वचषक आणि २०२४ चे ऑलिंपिक. पहिल्याच उन्हाळ्यात, युरोबास्केटमध्ये, कांस्यपदक आले. विश्वचषकाच्या बारा जणांत त्या संघातले बहुतेक खेळाडू होते: कर्णधार डेनिस श्रोडर, फ्रान्झ आणि मोरित्झ वाग्नर हे भाऊ, डॅनियल थाइस, योहानेस फोग्टमान, योहानेस थीमान, आंद्रेआस ओब्स्ट, माओडो लो, आयझॅक बोंगा, निल्स गिफी, युस्टुस होलाट्झ आणि डेव्हिड क्रेमर. त्या वेळी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळणारे त्यांच्यात चारच होते: श्रोडर, थाइस आणि दोघे वाग्नर.

कामाची वाटणी पक्की होती. चेंडू श्रोडरच्या हातात. तो बाकावर गेला की लो. ओब्स्टने धावत राहायचे आणि लांबून मारायचे. समोरच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला बोंगाने अडवायचे. रिंगखाली थाइस, फोग्टमान, थीमान आणि मोरित्झ वाग्नर आलटूनपालटून, म्हणजे फाउलमुळे एखादा अडचणीत आला तरी उंची कमी पडत नव्हती. विश्वचषकाच्या नियमांनुसार पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाहेर जातो. चार उंच खेळाडू असणे म्हणजे रिंगखाली वीस फाउलची शिल्लक असणे.

या मोहिमेतले सर्वांत मोलाचे काही असेल तर ते तेच खेळाडू तीन उन्हाळे एकत्र टिकून राहणे, आणि खानदेशातल्या संघांची खरी अडचणही नेमकी इथेच आहे. बारावी झाली की पोरे पुण्याला, नाशिकला शिकायला जातात आणि दर जूनमध्ये संघ नव्याने उभा करावा लागतो. यावर एक उपाय प्रशिक्षकाच्या हातात आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील तिन्ही गटांना एकच चार-पाच चाली शिकवाव्यात आणि त्यांची नावेही तिन्ही गटांत तीच ठेवावीत. चौदाच्या गटात पाठ झालेली चाल एकोणीसच्या गटात पुन्हा शिकवावी लागत नाही, आणि वरच्या गटात एखादा जखमी झाला तर खालच्या गटातला पोरगा त्याच दिवशी त्याची जागा घेऊ शकतो. प्रत्येक गटाची चाल वेगळी असेल तर नवा खेळाडू पहिले दोन महिने उभे कुठे राहायचे हेच विचारत असतो.

गटांचे गणित

पहिल्या फेरीत चार-चार संघांचे आठ गट होते. जर्मनी जपानमधील ओकिनावा येथे ई गटात होती.

जपानवर ८१–६३
ऑस्ट्रेलियावर ८५–८२
फिनलंडवर १०१–७५

जपानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात फ्रान्झ वाग्नरचा घोटा मुरगळला आणि पुढचे चार सामने तो बाहेर बसला. संघातल्या दोन मोठ्या खेळाडूंपैकी एक नसताना ऑस्ट्रेलियाचा सामना तीन गुणांनी निघाला. त्यात श्रोडरचे ३० गुण होते.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे येतात आणि पहिल्या फेरीतले निकाल सोबत आणतात. विजयाला २ गुण, पराभवाला १, आणि मैदानातच न उतरल्यास शून्य. गुण सारखे झाले तर आधी त्या संघांमधल्या आपसातल्या सामन्यांचा निकाल बघतात, मग सामन्यांत केलेल्या आणि दिलेल्या गुणांचा फरक. शालेय साखळी स्पर्धेतही हा नियम नीट वाचून ठेवावा. जिंकलेला सामना शेवटच्या मिनिटात ढिला सोडून वीसचा फरक आठवर आणणारे संघ पुढे त्याच बारा गुणांसाठी हळहळतात.

दुसऱ्या फेरीत जर्मनीने जॉर्जियाला १००–७३ ने हरवले. मग स्लोव्हेनियाविरुद्धचा सामना आला. दोन्ही संघ अपराजित होते, दोघांचाही उपांत्यपूर्व फेरीतला प्रवेश ठरलेला होता. वरकरणी हा सामना बिनमहत्त्वाचा. पण जिंकणाऱ्याच्या वाट्याला लाटव्हिया येणार होती आणि हरणाऱ्याच्या वाट्याला कॅनडा. जर्मनीने १००–७१ ने तो घेतला. याच सामन्यातल्या एका टाइमआउटमध्ये श्रोडर आणि थाइस यांची कडक शब्दांत खडाजंगी झाली. ती सगळ्या जगाने पाहिली, आणि पुढच्या तिन्ही सामन्यांत हे दोघे खांद्याला खांदा लावून खेळले हेही पाहिले.

लाटव्हिया: वाईट दिवशी जिंकणे

६ सप्टेंबरला मनिलात लाटव्हियाविरुद्ध श्रोडरने २६ फटके मारले, त्यातले ४च रिंगमधून गेले. कर्णधाराचा नेम असा चुकत असतानाही जर्मनी ८१–७९ ने जिंकली. घोटा बरा होऊन परतलेल्या फ्रान्झ वाग्नरने १६ गुण केले. शेवटच्या क्षणी लाटव्हियाच्या दाविस बर्तान्सला मोकळा थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा फटका) मिळाला आणि तो रिंगला लागून बाहेर आला. नशिबाचा भाग होताच. तरीही मुख्य खेळाडू चुकत असताना बाकीच्यांनी आपापले काम सोडले नाही, म्हणून सामना त्या शेवटच्या फटक्यापर्यंत हातात राहिला होता.

अमेरिका आणि ओब्स्टची धाव

८ सप्टेंबरच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने अमेरिकेला ११३–१११ असे हरवले. मध्यंतराला अमेरिका एका गुणाने पुढे होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जर्मनीने ३५ गुण केले. ओब्स्टचे २४ गुण, फ्रान्झ वाग्नरचे २२. अमेरिका शेवटच्या दोन मिनिटांत एका गुणावर आली तेव्हा ओब्स्टने थ्री-पॉइंटर घातला आणि सामना पुन्हा जर्मनीकडे वळवला.

ओब्स्ट चेंडू फार वेळ हातात ठेवत नाही. त्याचा खेळ चेंडू येण्याआधी घडतो, आणि म्हणूनच तो उंची कमी असलेल्या कोणत्याही शाळेच्या संघाला शिकता येतो. चाल अशी. शूटर रिंगखालून धाव सुरू करतो. एक उंच खेळाडू थ्री-पॉइंट रेषेच्या आत त्याच्यासाठी स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवून, उभा राहतो. शूटर त्याच्या खांद्याला खांदा घासून बाहेर येतो. पास तो रेषेबाहेर पाऊल टाकतानाच सुटलेला असतो. चेंडू येईपर्यंत त्याचे गुडघे वाकलेले आणि पावले रिंगकडे वळलेली असतात.

ही चाल बिघडते ती ठरावीक ठिकाणी. शूटर आणि स्क्रीन यांच्यात हातभर फट राहिली की बचाव करणारा त्या फटीतून निघून येतो. स्क्रीन लावणाऱ्याने धक्का बसताना नितंब किंवा पाय बाहेर काढला तर फाउल त्याचा. दोन्ही पाय जमिनीवर आणि अंग स्थिर हवे. पास उशिरा आला तर शूटरला थांबावे लागते आणि सगळी धाव वाया जाते. सरावात आधी चेंडूशिवाय प्रत्येक बाजूने दहा-दहा धावा, मग पाससह, आणि शेवटी बचाव करणारा घालून अशा क्रमाने घ्यावे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो; धावण्याचा हा सराव सकाळी आठच्या आत उरकावा आणि दुपारी नुसती चर्चा ठेवावी.

मैदानाची रेषाही तपासावी. थ्री-पॉइंट रेषा २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा समलंब चौकोन जाऊन आयत आला. मैदान त्याआधीचे असेल आणि रंग जुन्याच खुणांवरून फिरवला जात असेल, तर पोरे अर्धा मीटर जवळून सराव करतात आणि विभागीय स्पर्धेत त्यांचे फटके रिंगच्या पुढच्या कडेला लागून परततात. रेषा नव्याने आखायची तर रिंगच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. ती बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी. नसेल तर खांब किंवा बोर्ड सरकलेला आहे. त्या खुणेपासून रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५ मीटर धरून चाप काढावा. कोपऱ्यांत मात्र चाप नाही: तिथे साइडलाइनपासून ९० सेंटिमीटरवर सरळ रेषा येते. मापाला पोलादी टेप वापरावी. सुतळी ताणली की लांबते आणि एका बाजूचा चाप दुसऱ्यापेक्षा मोठा होतो. काळ्या मातीवरच्या सिमेंटला पावसाळ्यानंतर उंचवटे आणि भेगा येतात, म्हणून रिंगची ३.०५ मीटर उंचीही दरवर्षी मोजावी.

अंतिम सामना

सर्बिया आपला सर्वांत मोठा खेळाडू निकोला योकिच याच्याशिवाय आली होती, तरी बोग्दान बोग्दानोविचच्या नेतृत्वाखाली अंतिम फेरीत पोहोचली होती. मध्यंतराला ४७–४७. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जर्मनीने २२ गुण केले आणि सर्बियाला १० वर रोखले. सामना तिथेच झुकला. सर्बियाने शेवटच्या दहा मिनिटांत जोर केला, पण अंतर पुरते भरले नाही. ८३–७७. श्रोडरचे २८ गुण, फ्रान्झ वाग्नरचे १९. चार दिवसांपूर्वी २६ पैकी २२ फटके चुकवणारा श्रोडरच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅनडाने अतिरिक्त वेळेत अमेरिकेला १२७–११८ असे हरवून कांस्य घेतले.

युरोपातून पहिल्या दोन आलेल्या जर्मनी आणि सर्बियाला पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळाली. तिथे जर्मनी चौथी आली आणि हर्बर्ट यांची तीन वर्षे संपली. त्याच गाभ्याच्या संघाने, आलेक्स मुंब्रू मुख्य प्रशिक्षक असताना, २०२५ चे युरोबास्केट जिंकले.

पात्रता फेरी आणि भारत

विश्वचषकाची पात्रता एका दमात होत नाही. २०२३ साठी नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२३ या काळात सहा वेळा, प्रत्येक वेळी काही दिवसच, संघ एकत्र येत. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत एनबीएचा हंगाम चालू असल्याने तिथले खेळाडू येऊ शकत नाहीत. त्यामुळे पात्रता मिळवून देणारे हात आणि चषक उचलणारे हात अगदी तेच नसतात, आणि ज्या देशाकडे वीस-बावीस जणांना पाठ असलेली एकच खेळपद्धती आहे त्याचे निभावते. भारताच्या पुरुष संघाने आजवर विश्वचषकाची पात्रता मिळवलेली नाही. २०२३ च्या आशियाई पात्रतेत भारत दुसऱ्या टप्प्यात न्यूझीलंड, लेबनॉन, फिलिपिन्स, जॉर्डन आणि सौदी अरेबियासोबत एका गटात होता. पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये कतारला आहे.