कोल्हापूर पूर्वेलाच का वाढलं?

हद्दवाढीचा विषय निघाला की कोल्हापुरात शहरवाले एका बाजूला आणि भोवतालचे गाववाले दुसऱ्या बाजूला उभे राहतात. हा वाद समजून घ्यायचा तर शहराचा आकार कसा घडला, ते आधी पाहायला हवं.

वस्तीचं मूळ पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर. तिथल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. पुढे वस्ती अंबाबाईच्या देवळाभोवती एकवटली. १७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून इथे आली आणि देवळाला लागूनच राजवाडा, भोवती पेठा, पेठांभोवती तट अशी रचना पक्की झाली. त्या तटाचा एक तुकडा बिंदू चौकात आजही उभा आहे. यंत्रयुगापूर्वीच्या नगरांत सत्ता, देव आणि बाजार एकाच ठिकाणी असत, मानकरी मध्यभागी राहत आणि धंदे गल्लीनिहाय वाटलेले असत. देवळापासून गुजरीत वळलं, की दोन्ही बाजूंना सराफी दुकानं लागतात. ती जुनी घडी अजून मोडलेली नाही. पेठेतल्या माणसाची ओळखही आधी त्याच्या तालमीवरून होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेसने १९२५ साली शिकागोवरून शहराचं चित्र मांडलं: मध्यभागी बाजारपेठ आणि भोवती एकात एक वर्तुळं. कोल्हापूरला ते लागू पडत नाही. उत्तरेला आणि पश्चिमेला नदी आडवी आली, तिथे वर्तुळ पुरं होणार कसं? अमेरिकी अर्थतज्ज्ञ होमर हॉइटचा १९३९ चा विचार मला इथे अधिक पटतो. शहर रस्ता आणि रेल्वेच्या कडेने पाचरीसारखं पसरतं, आणि श्रीमंत वस्ती एकाच दिशेने बाहेर सरकत जाते, असं तो म्हणतो. १८८४ मध्ये नवा राजवाडा कसबा बावड्याच्या वाटेवर उभा राहिला. आज नागाळा पार्क, ताराबाई पार्क हे बंगल्यांचे भाग त्याच अंगाला आहेत.

मात्र शहराचं तोंड पूर्वेकडे वळवलं ते रेल्वेने. १८९१ मध्ये मिरजेहून गाडी आली, स्टेशन तटाबाहेर पूर्वेला झालं. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी ही गुळाची व्यापारपेठ वसवली. हा निर्णय मी फार दूरदृष्टीचा मानतो, कारण माल उतरतो तिथेच बाजार आणला गेला. पुढची राजारामपुरी तर आखूनच वसवलेली: सरळ हमरस्ता आणि त्याला काटकोनात क्रमांकाच्या गल्ल्या. नवखा माणूसही आठवी गल्ली विचारत न फिरता शोधतो. शुक्रवार पेठेत हे जमायचं नाही.

मग उद्यमनगरचे कारखाने, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. १९४५ मध्ये हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांनी अनेक केंद्रांच्या शहराचं चित्र मांडलं होतं, ते इथे दिसू लागलं.

महापालिका १९७२ ची. हद्द मात्र त्यानंतर कित्येक दशकं जागची हलली नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा इथली घरं शहराला भिडली, पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण आलं. दरम्यान शहराच्या आतही मोकळी जागा शोधत बांधकामं नदीच्या आणि जयंती नाल्याच्या पूरपट्ट्यात उतरली. २०१९ मध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा ब्रह्मपुरीची मूळ वस्ती उंचवट्यावर का होती, ते सगळ्यांना दिसलं.